शिरसाला काटे

विहिरींनी तळ दाखवला होता, गावात पाणी यायचं ते टँकरनं, आणि अशा ऐन चैत्रात धोंडेवस्तीच्या माळावरचं शिरसाचं झाड पाणी गाळत होतं. थट्टा नाही. दुपारी झाडाखाली उभं राहिलं की कपाळावर टपकन थेंब पडायचा, दुसरा हातावर पडायचा, आणि जिभेवर घेतला तर चक्क गोडसर लागायचा. मग माणसं यायला कितीसा वेळ लागतो? आजूबाजूच्या गावांतून जीपा आल्या, टेम्पो आले, नगरमधून सावेडीची शिकलीसवरली मंडळी स्कूटरला रिकाम्या बाटल्या लटकावून आली. नारळवाले बसले, रसवंती सुरू झाली. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत जिथे शेळ्या दुपार काढायच्या तिथे झाडाखालचं छत मोकळं ठेवून मांडव पडला, लाल गालिचा आला आणि 'अमृतवृक्ष संस्थान' अशी कमान उभी राहिली.

झाडाला बोलता येत नाही. ती अडचण थेंबबाबांनी दूर केली. हे गृहस्थ पूर्वी तळहातावर नारळ ठेवून बोअरची जागा दाखवत हिंडायचे. त्यांनी दाखवलेल्या जागी नुसती धूळ निघाली की म्हणायचे, पाणी होतं हो, पण मालकाच्या मनात किंतू आला आणि ते सरकलं. पाण्याशी त्यांचं नातं असं जुनं होतं.

"ऐका, मायबाप," कानाला माईक अडकवून बाबा सांगत होते. "अमेरिकेचे शास्त्रज्ञ आले. मशीन लावलं. मशीनचं काय झालं? बंद पडलं. का पडलं? कारण सायन्स जिथं दमतं तिथनं आपलं झाड सुरू होतं. एक थेंब, दहा रोग. गोळी खाल तर जन्मभर खाल, थेंब घ्याल तर एकदाच घ्याल."

लोक टाळ्या वाजवत होते. गर्दीच्या कडेला मांडवाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी उभी होती आणि तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, की यानं पाईप लपवलाय कुठे?

ज्ञानेश्वरी केडगावची. एका खासगी दवाखान्यात ती एक्स-रे काढते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या अंगणातल्या किड्यामुंग्यांचे फोटो काढते. लोक वाघ बघायला लांबलांबच्या जंगलात जातात. ही बाई घरच्या जास्वंदीखाली पालथी पडून सकाळ घालवते. शेजारणी पहिल्यांदा हिला चक्कर आली समजून पाणी घेऊन धावल्या होत्या, आता सवयीनं वळसा घालून जातात. इतक्या जवळून बघायची खोड लागली की माणूस संशयी होतोच. वाळकी काडी म्हणून बघावं तर तिला पाय फुटतात, पक्ष्याची शीट म्हणून पुसायला जावं तर ती सुरवंट निघते. जे दिसतं तेच असतं यावरचा विश्वास ज्ञानेश्वरीचा कधीच उडाला होता.

पण आज ती किड्यांच्या फोटोंसाठी आली नव्हती. तिची धाकटी बहीण रुपाली याच वस्तीत दिलेली. रुपालीला लहानपणापासून फिट येत. गोळ्या सुरू झाल्यापासून कित्येक वर्षांत एकदाही आली नव्हती. आता तिला मूल हवं होतं, आणि डॉक्टरांनीही गोळी बदलून देऊन खुशाल होऊ द्या म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यात हे झाड गळायला लागलं. सासूनं, साळूबाईनं, अमावस्येला तिला कौलाला बसवलं. थेंब पडला. म्हणजे झाडातल्या देवीनं होकार दिला, गोळ्या निम्म्या करा. निम्म्या केल्या. आठवडा होतो न होतो तोच रुपाली शेगडीजवळ फिट येऊन पडली आणि मनगट भाजून घेतलं. बाबा म्हणाले, बाहेरचं निघून जाताना त्रास देतंच, आता पौर्णिमेला उरलेल्या गोळ्यांचंही विसर्जन करा. पौर्णिमा चार दिवसांवर आली होती.

कौलाचा प्रकार ज्ञानेश्वरीनं नीट बघून घेतला, मधूनमधून फोटोही काढले. देवाला कौल लावायची चाल आपल्याकडे जुनीच. बाबांनी तिला फक्त मांडवात आणलं होतं. ते डोळे मिटून मोरपीस फिरवत गालिच्यावरून चालत, मध्येच थबकत आणि तिथे पाट मांडायला लावत. पाटावर बसून माणसानं आपलं मागणं सांगायचं. शंख वाजून थांबेपर्यंत अंगावर थेंब पडला तर होकार, नाही पडला तर नकार. एका शेतकऱ्यानं बांधाच्या वादात भावाशी समेट करू का म्हणून विचारलं. हा गेल्या वेळी बाबांशी हुज्जत घालून गेला होता म्हणे. त्याच्या अंगावर काही पडलं नाही. मागून आलेल्या म्हातारीनं बीपीच्या गोळ्या सोडू का म्हणून विचारलं, तिच्या पांढऱ्या केसांवर टपटप थेंब. लगेच जयजयकार, आणि म्हातारीच्या गोळ्या पाण्यानं भरलेल्या तांब्याच्या घंगाळात. त्या घंगाळात गोळ्यांचा रंगीबेरंगी गाळ बसला होता. 

बाबांची नजर तिच्या कॅमेऱ्यावर गेली.

"या, बाई, पुढं या. पाईप हुडकायला आला ना? लाजू नका. तुमच्यासारखे लई येऊन गेले. काढा फोटो."

लोक हसले. ज्ञानेश्वरी खरंच पुढे गेली. लांबचं टिपणारी लेन्स लावली आणि झाडाचा शेंडा, फांद्या, बेचके, ढोली, सगळं ओळीनं टिपून काढलं. पाईप नव्हता. टाकी नव्हती. कुठे वायरचा तुकडाही नव्हता.

"घावला का पाईप?" कुणीतरी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"खरं बोलल्या," बाबा माईकवर म्हणाले. "देवी तुमचं बी भलं करो."

आता याहून मोठा अपमान तो कुठला? सगळा मांडव खदखदून हसत होता आणि साळूबाई मान खाली घालून बसल्या होत्या, कारण ही संशयी पाहुणी त्यांच्या घरची. घरी आल्यावर त्यांनी मनातलं बोलून टाकलं.

"ज्ञानेश्वरीताई, मी काय सुनेची वैरीन हाय का? तिच्या वटीत पोर खेळावं म्हनून तर करतीया. गोळ्या खाऊन पोरगं कसलं निपजंल?"

"मावशी, डॉक्टरांनी सांगितलंय ना की काही होत नाही. उलट गोळी सोडली आणि फिट आली तर आईलाही धोका आणि पोटातल्या बाळालाही."

"डाक्टर काय, सांगनारच."

ज्ञानेश्वरी रुपालीकडे वळली. ही तरी शहाणपणानं बोलेल असं तिला वाटलं होतं. रुपाली मनगटाची पट्टी चाळवत म्हणाली, "ताई, तू पाईप शोधलास ना? सापडला नाही ना? मग? माझ्या कपाळावर थेंब पडला तेव्हा मला काय वाटलं तुला नाही कळायचं. आयुष्यभर मी आजारी पोरगी. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की सुटले."

 ज्ञानेश्वरी रिकाम्या हातानं केडगावला परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेन्स पुसायला बसली. काचेवर पाण्याच्या वाळलेल्या थेंबांसारखे डाग पडले होते. फडकं फिरवलं, जाईनात. बोट लावलं तर चिकट. नवरा, हर्षल, चहाचा कप घेऊन शेजारी उभा होता.

"जास्वंदीखाली पडून येतेस तेव्हा असेच डाग असतात," तो म्हणाला. "पानांवर माव्याची कीड पडलेली असते तेव्हा. मागच्या महिन्यात मी माझा चष्मा तिथे विसरलो होतो, तो अजून चिकटतो."

ज्ञानेश्वरीनं त्याच्याकडे बघितलं. मग तशीच उठली, कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि आदल्या दिवशीचे फोटो मोठे करून बघायला लागली. काल ती पाईप शोधत होती, म्हणून बाकी काही दिसलंच नव्हतं. खोडावरून वर चढणाऱ्या मुंग्यांची दाट रांग दिसली. खालच्या पानांवर काजळी धरलेली दिसली. आणि कोवळ्या फांद्यांवर ओळीनं बसलेले बारीक काळपट काटे दिसले.

"अहो, शिरीषाला काटे असतात?"

"बाभळीला असतात. शिरीषाला कुठले?"

तिनं चित्र आणखी मोठं केलं. काट्याला डोळे होते. डोक्यावर दोन शिंगं होती. काट्याच्या मागच्या टोकाला एक टपोरा थेंब लोंबत होता आणि एक मुंगी तोंड वर करून तो थेंब पीत होती.

ज्ञानेश्वरी मोठ्यानं हसली, आणि मग त्या घंगाळातला गाळ आठवून तिचं हसू मावळलं. मग तिनं गर्दीचे फोटो पुन्हा उघडले. होकार मिळालेल्यांचे पाट कुठे होते, नकार मिळालेल्यांचे कुठे होते, एकेक फोटो शेजारी ठेवून बघितलं. किडे असलेल्या फांद्या सगळ्या मांडवाच्या डाव्या अंगाला होत्या. होकाराचे पाटही तिकडेच. म्हणजे बाबाला किडा ठाऊक असो वा नसो, थेंब कुठे पडतो ते पक्कं ठाऊक होतं. डोळे मिटून चालणारा हा माणूस पापण्यांच्या फटीतून गालिचा बघत होता.

पौर्णिमेला मांडव नुसता फुलला होता. रुपाली नवी साडी नेसून, गोळ्यांची पाकिटं पदरात धरून बसली होती. शेजारी साळूबाई. रुपालीचा नवरा कानिफनाथ एका कोपऱ्यात वायरी सारख्या करत होता, कारण मांडव त्याचा, स्पीकर त्याचे आणि मागे बसलेल्यांना थेट दर्शन घडवणारा तो मोठा टीव्हीही त्याचाच. मंडप डेकोरेटर्सचा धंदा होता त्याचा. इथे सगळं सेवा म्हणून लावलेलं. बायकोला फिट आली त्या दिवसापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता.

ज्ञानेश्वरी सरळ साळूबाईंकडे गेली आणि फोनवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. आजूबाजूच्या माना वाकल्या. बाबाही आले, त्यांनी फोटो बघितला आणि त्यांना मनापासून हसू आलं.

"वा, वा. शिंगंवाला किडा. मायबाप, हल्ली कॉम्प्युटरवर काय करता येत नाही? एआय का काय म्हणतात ते. गाढवाला पंख लावतात, मेलेल्या माणसाला नाचवतात. बाईंनी तर नुसता किडाच बनवलाय."

"खरंय," गर्दीतून आवाज आला. "परवा मोबाईलवर वाघ भाकरी थापीत हुता."

आता बघा, काय वेळ आली. ज्या माणसांना झाडातून अमृत गळतं यावर तिळमात्र शंका आली नव्हती, ती फोटोवर संशय घ्यायला एका क्षणात तयार झाली. ज्ञानेश्वरीला राग आला, पण एक गोष्ट तिला मान्य करावी लागली. लोक संशय घेत होते हे चांगलंच होतं. फक्त तो चुकीच्या जागी घेत होते.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "फोटोवर विश्वास ठेवू नका. मी काढलाय म्हणून तर मुळीच ठेवू नका. आत्ता, तुमच्या डोळ्यांसमोर दाखवला तर?"

"कसा दावनार?"

"कॅमेरा टीव्हीला जोडता येतो. केबल मी आणलीय. कानिफराव, जमेल का?"

सगळे कानिफनाथकडे बघायला लागले. बाबांचा शिष्य पुढे झाला. "टीव्हीला हात लावायचा न्हाई. बाबांचं दर्शन चालू हाय."

कानिफनाथ उठला. "टीव्ही माझा हाय," तो म्हणाला आणि त्यानं केबल ज्ञानेश्वरीच्या हातून घेतली.

बाबांनी मग वेगळा सूर लावला. "कॅमेरा लावा, काय बी लावा. पण झाडाला हात लागला तर हात झडंल. माझ्यावर दोष नको."

"झाडाला कुणीही हात लावणार नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मावशी, तुम्ही फक्त त्या खालच्या फांदीखाली बोट धरून उभ्या राहा. थेंब घ्यायलाच आलोय ना आपण सगळे? तो घेताना मी दाखवते, एवढंच."

आता थेंब घेऊ नको असं बाबा कसे म्हणणार? साळूबाईंनी एकदा सुनेकडे, एकदा मुलाकडे बघितलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, मांडवाच्या डावीकडे लवलेल्या फांदीखाली गेल्या आणि हिरव्या बांगड्यांचा हात वर केला. ज्ञानेश्वरीनं जवळचं टिपणारी लेन्स लावली. टीव्हीवर आधी सगळं धुरकट दिसलं, मग साळूबाईंचं बोट आलं, नखातली हळद सुद्धा दिसली. मागून बायका म्हणाल्या, साळूबाईचाच हात हाय ह्यो. बोटाच्या वर फांदी होती आणि फांदीवर काटे.

"मावशी, काय दिसतंय?"

"काटं."

"शिरसाला काटे असतात?"

साळूबाई फांदी निरखून बघायला लागल्या.  शिरसाच्या सावलीत शेळ्या बांधण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना हे काय सांगायला हवं होतं?

"न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "शिरसाला काटं कवाच नस्त्यात."

"हळूच फुंकर मारा."

त्यांनी फुंकर मारली. काटे चालायला लागले. खेकड्यासारखे तिरके सरकत ते फांदीच्या पलीकडच्या बाजूला गेले, एक तेवढा जागीच राहिला. त्याचं शिंगांचं डोकं आणि बटबटीत डोळे टीव्हीभर दिसत होते. एक मुंगी आली, तिनं मिशांनी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. किड्यानं ढुंगण वर उचललं. तिथे थेंब आला, मोठा झाला, निखळला आणि टीव्हीवर सगळ्यांच्या देखत साळूबाईंच्या बोटावर पडला.

 साळूबाईंनी बोट डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्यानं चोळून बघितलं. पुन्हा चोळलं.

"ह्यो तर चिकटा हाय," त्या म्हणाल्या.

या मुलुखात चिकटा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शाळू ज्वारीवर मावा पडला की पानं तेल लावल्यासारखी चमकतात, कडबा काळा पडतो, आणि मग माणसं किडीच्या नावानं शिव्या घालत पाठीवर पंप मारून फवारायला निघतात. तोच प्रकार हा. किडा झाडाचा रस पितो, त्याला लागेल तेवढं ठेवतो आणि राहिलेलं साखरेचं पाणी मागच्या बाजूनं सोडून देतो. कोवळी पालवी फुटली की असे किडे झुंडीनं बसतात, ऊन तापलं की जास्त रस ओढतात, म्हणून थेंब दुपारी जास्त. शेतात ज्याला आपण औषध मारतो तेच माळावर आपण जिभेवर घेत होतो, आणि तेही हात जोडून.

सावेडीच्या एका गृहस्थांनी नुकतीच तीर्थाची अर्धी बाटली रिचवली होती. ते मांडवाच्या मागे जाऊन चूळ भरायला लागले. चार-दोन पोरं फिस्कन हसली.

पण बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "धन्य झालो. मायबाप, देवीनं आज किड्याचं रूप दाखवलं. कुठल्या रूपात यावं हे ती ठरवती. आपण कोण?"

आणि काय सांगावं, काही माना खरंच डोलायला लागल्या. एका बाईनं टीव्हीला नमस्कार केला.  रुपालीही टीव्हीकडे न बघता बाबांकडे बघत होती.

"ठीक आहे, देवी आहे असं धरू," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मग देवी डावीकडेच का असते? उजव्या अंगाला बसलेल्या माणसाला आजवर एकदा तरी होकार मिळालाय का, आठवून सांगा. आणि फोटो नकोत, गालिचा हातानं चाचपून बघा."

पुढची माणसं वाकली. डाव्या अंगाला गालिचा चिकट होता, धूळ बसून काळा कुळकुळीत. उजव्या अंगाला कोरडा खडखडीत. बांधाच्या वादात नकार मिळालेला तो शेतकरी उजव्या अंगाला उकिडवा बसून बराच वेळ गालिच्यावर हात फिरवत राहिला.

"मला पाट हितं मांडला हुता," तो म्हणाला. "मी त्या नकारापायी भावाला कोर्टात खेचलंय."

साळूबाईंनी मग कुणाला न विचारता पाट उचलला. तो काळ्या पडलेल्या जागेवर आपटला, त्यावर ऐसपैस बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "आई, ह्यो बाबा लबाड असंल तर थेंब पाड."

शंख वाजवायला शिष्य जागेवर नव्हता. त्याची गरजही पडली नाही. एक थेंब साळूबाईंच्या कपाळावर पडला, दुसरा नाकावर, तिसरा मांडीवर. मांडव असा हसला की रस्त्यावरचे टेम्पोवाले उतरून बघायला आले. बाबा म्हणाले, हा कौल धरायचा नसतो. मग कुठला धरायचा, असं एका पोरानं विचारलं. बाबा जीपकडे निघाले तेव्हा कानिफनाथनं जीपच्या पुढे आपला टेम्पो आडवा लावला होता आणि जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घेऊन तो पोलिसांना फोन करत होता.

हसं व्हायचं तेवढं झालं. इतक्यात काही लोक घंगाळाकडे धावले आणि गाळात हात घालून आपापल्या गोळ्या शोधायला लागले. ज्ञानेश्वरीनं त्यांना अडवलं. "त्या घेऊ नका. सगळ्या एकमेकींत विरघळल्यात. ज्यांनी ज्यांनी औषध सोडलंय त्यांनी आजच्या आज सरकारी दवाखाना गाठा. लाजू नका, डॉक्टरांना खरं सांगा."

सगळे पांगायला लागले, पण एक म्हातारा माणूस घंगाळाशी तसाच उभा राहिला. त्यानं टोपी काढून हातात धरली होती.

"बाई, एक इचारू का? माझी मालकीन होळीच्या आधी गेली. बीपीच्या गोळ्या हितंच टाकल्या हुत्या तिनं. मीच आनलं हुतं तिला. तवा बी वर हेच किडं हुते का?"

ज्ञानेश्वरीला दुसरं काहीतरी बोलावंसं वाटलं. पण तिनं त्याला खोटं सांगितलं नाही.

"हो, काका. हेच होते."

त्यानं मान हलवली आणि तो गालिच्यावरच खाली बसला. रडला नाही. नुसता घंगाळातल्या गढूळ पाण्याकडे बघत राहिला.

रुपाली हे सगळं ऐकत होती. टीव्हीवरच्या किड्यानं तिचं मन वळलं नव्हतं, गालिच्यानंही पुरतं वळलं नव्हतं. कपाळावरचा तो पहिला थेंब तिला सोडवत नव्हता, कारण तो खरा असता तर तिचं आजारीपण कायमचं सुटलं असतं. आता ती उठली, त्या म्हाताऱ्यापर्यंत गेली, घंगाळात वाकून बघितलं आणि पदरातली पाकिटं घट्ट धरली.

"ताई, किती घ्यायची?"

"डॉक्टरांशी सकाळीच बोललेय. आजपासून नेहमीची पूर्ण गोळी, आणि उद्या दाखवायला जायचं."

"पाणी द्या कुणीतरी."

चारी बाजूंना बाटल्याच बाटल्या होत्या, आणि सगळ्यांत तीर्थ. साळूबाई पाटावरून उठल्या, टँकरच्या पाण्याच्या पिंपातून तांब्या भरून आणला. सुनेनं गोळी गिळेपर्यंत त्या तांब्या धरून उभ्या राहिल्या.

"वर किडं हायत म्हून मला कुनी सांगितलं न्हाई गं," त्या पुटपुटल्या.

"कौलाला बसवताना तुम्ही मलाही विचारलं नाहीत, आत्या," रुपाली म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

देव मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यात कुणाला पडायचं कारण नाही. पण कुणी तुमच्या हातातली गोळी काढून घेऊन त्याजागी चमत्कार ठेवायला लागला, तर त्याला विचारा, हे कुठून आलं, कसं आलं, मला जवळून बघू द्याल का. खऱ्या गोष्टीला जवळून बघितल्यानं काही होत नाही. आणि विचारल्याबद्दल जो हात झडण्याची भीती घालतो, त्याच्यापासून आधी आपलं माणूस दूर न्या. धोंडेवस्तीच्या माळावर एवढी माणसं हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली. त्यातल्या एकानं जरी होळीच्या आधी मान वर करून नीट बघितलं असतं, तरी त्या म्हाताऱ्याची बायको आज जिवंत असती.